उजनीवरच्या लाँचचं इंजिन थंड कसं राखायचं: नव्या चालकांसाठी

सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही, पण उजनी आहे. भीमानगरच्या धरणामागे पाणी थेट भिगवण-पळसदेवपर्यंत पसरलंय. करमाळ्याच्या बाजूच्या गावांना इंदापूरकडे रस्त्यानं जायचं म्हटलं की मोठा वळसा पडतो, म्हणून कुगावहून कळाशीला माणसं पाण्यावरून जातात आणि मोटरसायकलीही लाँचवर चढवतात. मासेमारीच्या होड्या वेगळ्या. भिगवणला फ्लेमिंगो बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या होड्या आणखी वेगळ्या. या सगळ्यांवर आता नवी पोरं येताहेत. सुकाणू धरायला ती लवकर शिकतात, पण इंजिनाच्या पाण्याकडे बघायला त्यांना कुणी शिकवत नाही.

लाँचचं इंजिन निकामी होण्याची कारणं मोजायला बसलं तर गरम होणं फार वरच्या नंबरला येईल. कंपनीचं पुस्तक उघडावं तर ते समुद्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. त्यात सगळा भर मिठावर आणि गंजावर. आपल्या पाण्यात मीठ नाही. आपल्याकडे गाळ आहे, शेवाळ आहे, जलपर्णी आहे, तंगुसाच्या तुटक्या जाळ्या आहेत, आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिनातली उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाच्या, टाकीत बिनधास्त ओतलं जाणारं बोअरचं क्षाराचं पाणी आहे. म्हणून पुस्तक जपून ठेवा, त्यातले आकडे पाळा, पण रोज लक्ष कुठे द्यायचं ते उजनीच्या हिशोबानं ठरवा. पुढचं सगळं त्या हिशोबानं लिहिलंय.

आधी आपलं इंजिन कोणत्या जातीचं ते ओळखा

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यातला साधारण एक तृतीयांश भागच पंखा (होडीला ढकलणारा, पाण्यातला) फिरवायला लागतो. तेवढाच सायलेन्सरमधून धुरावाटे जातो आणि उरलेला बराचसा पाण्याला वाहून न्यावा लागतो. तो कुठल्या वाटेनं जातो, हे आधी कळलं पाहिजे.

आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन, असेल तर वाट सोपी. पाण्यात बुडालेल्या पायातून धरणाचं पाणी वर ओढलं जातं, इंजिनातून फिरतं आणि बाहेर पडतं. आत बसवलेल्या डिझेल इंजिनांत तीन प्रकार भेटतात. एकात धरणाचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतं. दुसऱ्यात इंजिनात कूलंट फिरतो आणि धरणाचं पाणी हीट एक्स्चेंजर नावाच्या नळकांड्यातून जाऊन त्या कूलंटला थंड करतं. तिसऱ्यात होडीच्या तळाला बाहेरून पाइप बसवलेले असतात, कूलंट त्यांतून फिरून येतो आणि धरणाचं पाणी आत येतच नाही. ट्रकचं किंवा ट्रॅक्टरचं इंजिन लाँचवर चढवलं असेल तर रेडिएटर तसाच ठेवलेलाही दिसतो. हवेवर थंड होणारं इंजिन असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. तिथे हवेच्या पंख्याची पाती आणि फिन स्वच्छ ठेवायच्या, एवढंच.

ओळखायची रीत एकच. इंजिन बंद आणि गार असताना तळाच्या कॉकपासून, म्हणजे धरणाचं पाणी जिथून आत येतं त्या तोटीपासून, हात लावत निघा. कॉक, गाळणी, पंप, गियर तेलाचा कूलर, हीट एक्स्चेंजर, एक्झॉस्टचा बाक आणि बाहेर. प्रत्येक होज पाइप कुठून येतो आणि कुठे जातो ते वहीत काढून ठेवा. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल, बाण बरोबर पाहिजेत. पाण्याच्या मध्यावर इंजिन तापतं तेव्हा ही वही कामाला येते, कारण त्या वेळी डोकं ठिकाणावर राहत नाही.

खाली मी मुख्यतः हीट एक्स्चेंजरवाल्या इंजिनाबद्दल लिहितोय. त्यात दोन्ही पाणी असतात, त्यामुळे ते कळलं की बाकीचे प्रकार कळतात. आउटबोर्डचं शेवटाकडे.

सकाळी स्टार्टर मारण्याआधी

कूलंटची पातळी बघा. झाकण उघडून बघायचं ते फक्त गार इंजिनाचं. गरम इंजिनाचं झाकण उघडू नये, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी दरवर्षी कुणाचा तरी हात भाजतो. आत दाब असतो. तो सुटला की शंभर अंशांच्या वर गेलेला कूलंट एका क्षणात उकळून अंगावर येतो. जाड सोलापुरी टॉवेलाची घडी झाकणावर ठेवली तरी ती वाफेचा फवारा अडवत नाही. वरचा होज पाइप हातानं सहज दाबता येईपर्यंत थांबा.

मग गाळणी. हंगामानुसार तिच्यात वेगळं सापडतं. पावसाळ्यात जलपर्णीची काळी केसाळ मुळं, उन्हाळ्यात हिरवं शेवाळ आणि बारीक गाळ, आणि बाराही महिने प्लास्टिक. कॉक बंद करा, झाकण काढा, जाळी बादलीत हलवून धुवा. झाकणाखालचं रबर तपासा. ते चपटं झालं असेल, तडकलं असेल किंवा त्यावर वाळूचा एक कण राहिला असेल, तरी पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. बाहेरून थेंबही गळत नाही, कारण तिथे ओढ आतल्या बाजूला असते. म्हणून हा दोष भल्याभल्यांना सापडत नाही. झाकण लावताना रबराला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं.

गाळणी भरल्यावर कॉक उघडा. उघडला म्हणजे पूर्ण उघडला. सायंकाळी कॉक बंद करायची सवय चांगलीच, पण मग इंजिनाची चावी कॉकच्या दांड्यालाच अडकवून ठेवा. चावी घ्यायला वाकलं की कॉक आपोआप उघडला जातो.

बेल्ट बोटानं दाबून बघा, होज पाइप पिळून बघा. पाइप कडक झाला असेल, टोकाला चिरा असतील किंवा क्लिपजवळ फुगला असेल तर बदला. ओढीच्या बाजूला, म्हणजे कॉकपासून पंपापर्यंत, आत तार असलेलाच पाइप घाला. साधा पाइप उन्हानं मऊ पडला की आत चिकटतो आणि पाणी बंद होतं. इंजिन थांबवून बघायला जावं तर तो पुन्हा गोल झालेला असतो.

इंजिनाखाली साचलेल्या पाण्यावरही नजर टाका. तिथे हिरवट किंवा गुलाबी रंग दिसला तर कूलंट गळतोय.

सुरू केल्यावर आधी बाहेर बघा

इंजिन पेटलं की नवा चालक तापमानाच्या काट्याकडे बघतो. जुना चालक लाँचच्या मागे वाकतो आणि एक्झॉस्टमधून पाणी किती पडतंय ते बघतो. काटा हलेपर्यंत नुकसान सुरू झालेलं असतं. पाणी मात्र पहिल्या अर्ध्या मिनिटात खरं सांगतं. कुगावच्या धक्क्यावर एक वयस्क नावाडी दुसऱ्याच्या लाँचकडे नुसतं बघून म्हणाले होते, “अण्णा, तुमची लाँच आज पानी कमी टाकतीया बघा.” मालकानं गाळणी उघडली तर अख्खी गुटख्याची पुडी आत चिकटलेली.

‘कमी’ म्हणजे किती, हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं. म्हणून इंजिन निरोगी असताना माप घ्या. लाँच धक्क्याला बांधा, इंजिन संथ चालवा, एक्झॉस्टखाली बादली धरा आणि अर्ध्या मिनिटात किती लिटर पाणी पडलं ते वहीत लिहा. महिन्यातून एकदा त्याच वेगावर हेच करा. आकडा हळूहळू उतरत असेल तर इम्पेलर (पंपातलं रबरी चाक) झिजतोय किंवा वाट कुठेतरी अरुंद होतेय. हे माप फुकट आहे, आणि माझ्या मते महागड्या मीटरपेक्षा जास्त कामाचं आहे.

धुराचीही ओळख करून घ्या. थंडीच्या सकाळी थोडी वाफ दिसणं साहजिक आहे. पण ऐन दुपारी, इंजिन तापल्यावर, एक्झॉस्टमधून दाट पांढरी वाफ आणि सोबत पाणी कमी, म्हणजे जे थोडं पाणी येतंय ते उकळतंय. पांढऱ्या धुराला गोडसर वास येत असेल आणि टाकीतला कूलंट रोज उतरत असेल तर हेड गॅसकेटची, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या पातळ पट्टीची, शंका घ्या. तेलाची पट्टी काढून बघा. तेल दुधाळ दिसलं तर इंजिन पुन्हा चालवू नका, मेकॅनिकला बोलवा.

डिझेलवाल्यांसाठी आणखी एक. इंजिन पेटत नसताना स्टार्टर मारत राहू नका. पंप फिरतच राहतो, धुराचा दाब नसल्यामुळे पाणी बाहेर ढकललं जात नाही, ते सायलेन्सरमध्ये साचतं आणि उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. दोन-तीनदा मारून पेटलं नाही तर कॉक बंद करून पुढचे प्रयत्न करा आणि पेटताक्षणी कॉक उघडा.

इम्पेलर

या सगळ्या यंत्रणेत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नाजूक भाग म्हणजे इम्पेलर. पितळी पंपाच्या आत फिरणारं रबरी पात्यांचं चाक. पाती पंपाच्या एका बाजूला दाबली जातात, दुसऱ्या बाजूला मोकळी होतात आणि त्या उघडझापीत पाणी ओढलं जातं. रबर आणि पितळ एकमेकांवर घासतात. मध्ये वंगण म्हणून असतं ते फक्त पाणी. पाणी नसेल तर मिनिटाभरात पाती करपायला लागतात. कॉक उघडायला विसरणं इतकं महाग पडतं ते यामुळे.

बदलायचा कधी? कंपनीनं तास दिलेले असतात, ते पाळा. उजनीच्या गाळात रोज चालणाऱ्या लाँचचा इम्पेलर मी तरी वर्षाला एकदा बदलाच म्हणेन, आणि उन्हाळा संपल्यावर उघडून बघा म्हणेन, मग तो धडधाकट दिसत असला तरी. सोलापुरात रेडिएटर उकलणारे, लेथवर काम करणारे कारागीर पुष्कळ आहेत. इथल्या चिंचोळी एमआयडीसीत कॅमशाफ्ट तयार होऊन जगभर जातात. इंजिनाचं काम जाणणाऱ्या हातांचा या शहरात तोटा नाही. पण तुमच्या पंपाचा इम्पेलर इथल्या दुकानात लगेच मिळेलच असं नाही. तो मुंबईहून किंवा कोकणातून मागवावा लागतो. म्हणून एक लावलेला आणि एक डब्यात, हे ठरून गेलेलं असावं. पंपावरचा नंबर वहीत लिहा, कारण नुसतं “अमुक इंजिनाचा द्या” म्हणून मागवलेला इम्पेलर अर्ध्या वेळा दातांत बसत नाही.

काम असं करा. कॉक बंद. पंपाच्या पुढच्या झाकणाचे चार किंवा सहा स्क्रू सैल करा. शेवटचा स्क्रू काढताना खाली हात किंवा कापड धरा, कारण स्क्रू इंजिनाखाली पडला की दुपार त्यातच जाते. झाकण आणि कागदी गॅसकेट अलगद सोडवा. जुना इम्पेलर कोणत्या बाजूला वाकलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मग पुलर लावून किंवा दोन चपट्या स्क्रू ड्रायव्हरांनी, खाली कापडाची पट्टी ठेवून, दोन्ही बाजूंनी सारखा उचला. पंपाच्या आतल्या भिंतीला ओरखडा पडता कामा नये.

काढलेला इम्पेलर हातात घेऊन पात्याच्या मुळाशी वाकवा. तिथे बारीक चीर दिसली तर तो संपला. टोकं सपाट आणि चकचकीत झाली असतील तर तो कोरडा चालला होता. पाती कडक होऊन एकाच बाजूला वाकलेली राहिली असतील तरीही टाका. आणि पाती मोजा. एखादं कमी असेल तर काम संपलं असं समजू नका. ते तुकडे पुढे वाहत गेलेले असतात आणि पुढच्या बाकात किंवा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेले असतात. ते सापडेपर्यंत शोधा. नवा इम्पेलर घालून जुना तुकडा आतच ठेवला की इंजिन पुन्हा तापतं, मग लोक थर्मोस्टॅटला (कूलंटची वाट तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेला) दोष देतात, मग काट्याला, आणि खरा गुन्हेगार नळीत बसून असतो.

झाकणाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवा. गाळानं गोल चर पाडले असतील तर पंपाची ओढ कमी होते. बऱ्याच झाकणांची दुसरी बाजू कोरी असते, ती पालथी घालून वापरता येते. दोन्ही बाजू खराब झाल्या असतील तर नवीन झाकण घ्या.

नवा इम्पेलर बसवताना पात्यांना ग्लिसरीन किंवा भांडी घासायचं लिक्विड लावा. तेल किंवा ग्रीस नको. शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेत फिरवत आत ढकला, म्हणजे पाती आपोआप उलट्या बाजूला झुकतात. गॅसकेट मूळच्या जाडीचंच हवं. जाड पुठ्ठा कापून घातला तर बाजूनं पाणी निसटतं आणि ओढ लागत नाही. स्क्रू आडवे-तिडवे थोडेथोडे आवळा. मग कॉक उघडा, इंजिन सुरू करा आणि लगेच मागे जाऊन पाणी बघा. वीस-तीस सेकंदांत पाणी आलं नाही तर बंद करा.

पंपाच्या खालच्या बाजूला, इंजिन आणि पंप यांच्या मधोमध एक बारीक भोक असतं. तिथून थेंब पडायला लागले की पाण्याचं सील गेलंय. ते भोक एम-सील लावून बुजवणारे लोक आहेत. तसं करू नका. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, पाणी इंजिनाच्या तेलात शिरण्याआधी बाहेर पडावं म्हणून. सील बदला.

हीट एक्स्चेंजर आणि क्षार

धरणाचं पाणी ज्या बारीक नळ्यांतून जातं त्यांत गाळ आणि शेवाळ बसतं. वर्षातून एकदा दोन्ही टोकांची झाकणं काढा आणि टॉर्च लावून नळ्यांतून आरपार बघा. ज्या नळीतून उजेड दिसत नाही ती बंद आहे. नायलॉनचा बारीक ब्रश किंवा मऊ लाकडी काडी फिरवा. लोखंडी तार घालू नका. त्या नळ्या तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात, आतून खरवडल्या की तिथूनच भोक पडतं. झाकणांचे ओ-रिंग प्रत्येक वेळी नवे टाका.

आता दुसरी बाजू, कूलंटची. इथे दोष धरणाचा नसतो, आपला असतो. सोलापूरच्या बोअरचं पाणी किती क्षाराचं आहे ते घरची बादली बघितली तरी कळतं. कडेला पांढरा थर. तोच थर गरम इंजिनाच्या आत आणखी लवकर बसतो, आणि तो उष्णता अडवून धरतो. पाणी भरपूर फिरत असतं, पंप उत्तम असतो, तरी इंजिन चढावर असल्यासारखं तापत राहतं. म्हणून कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच वापरा, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते. नळाचं नको, बोअरचं तर नकोच.

थर बसलाच असेल तर नळ्यांचा गठ्ठा बाहेर काढून सायट्रिक अॅसिडच्या कोमट पाण्यात बुडवा. शंभर मिलिलिटर पाण्याला पाच ग्रॅम या हिशोबानं सुरुवात करा. बुडबुडे थांबले की बाहेर काढा, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, मग साध्या पाण्यानं. संडास साफ करायचं अॅसिड जोरात काम करतं हे खरं, पण ते अॅल्युमिनिअम आणि झाळही खातं. ब्लॉकच्या आत तर ते घालूच नये. तिथे रेडिएटर क्लीनर, बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे.

ज्यांच्या इंजिनात धरणाचं पाणी थेट ब्लॉकमध्ये फिरतं, त्यांनी ब्लॉकच्या तळाचा ड्रेन प्लग वर्षातून दोनदा उघडावा. उघडल्यावर काहीच आलं नाही तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. भोकाशी गाळ घट्ट बसलेला असतो. वाकवता येईल अशी तार हलकेच आत घालून तो फोडा. आधी काळा चिखल येतो, मग पाणी. पाणी स्वच्छ येईपर्यंत वरून सोडत राहा.

कूलंट, झाकण, थर्मोस्टॅट

“सोलापुरात कुठे बर्फ पडतोय, कूलंट कशाला?” हा प्रश्न नेहमी येतो. कूलंट गोठू नये म्हणून असतो, हे अर्धंच खरं आहे. तो उकळण्याचा बिंदू वाढवतो आणि आतला गंज अडवतो, आपल्याला ही दोन कामं हवी आहेत. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो, धरणाचं वरचं पाणीही कोमट झालेलं असतं, तेव्हा हाताशी मोजके अंश उरतात. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण बहुतेक इंजिनांना चालतं. डब्यावर ‘तयार मिश्रण’ असं लिहिलेलं असेल तर त्यात पाणी घालू नका.

दोन जातींचे कूलंट एकत्र करू नका, काहींचा गाळ होतो. रंगावर विसंबू नका, कारण कंपन्या रंग आपापल्या मर्जीनं ठरवतात. डब्यावरचा प्रकार वाचा. साधा हिरवा कूलंट दोन वर्षांनी बदला. भरताना हवा अडकते. सगळ्यात उंचावरचा स्क्रू सैल करून ती सोडा, झाकण उघडं ठेवून इंजिन संथ चालवा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम उतरते, तेव्हा पुन्हा भरा.

कूलंटच्या टाकीच्या झाकणाकडे कुणी बघत नाही. त्यातली स्प्रिंग आणि रबर मिळून आतला दाब धरतात, आणि दर एक पीएसआय दाबामागे उकळण्याचा बिंदू साधारण दीड अंशानं वर जातो. १३ पीएसआयचं झाकण निकामी झालं तर जवळपास वीस अंशांची सवलत गेली. रबर तडकलं असेल तर झाकण बदला, आणि त्याच आकड्याचं घ्या.

थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन तापत नाही, असा एक समज घाटाघाटावर आहे. काढला की इंजिन गरज आहे तेवढं गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं, आत काजळी धरते, आणि काही इंजिनांत कूलंट आडमार्गानं फिरून उलट जास्त तापतं. शंका असेल तर परीक्षा घ्या. पातेल्यात पाणी, त्यात दोरीनं टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. त्यावर ठोकलेला आकडा, समजा ८२, आला की तो उघडायला सुरुवात झाली पाहिजे, आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

इंजिनाच्या धातूऐवजी स्वतः झिजावी म्हणून बसवलेली झिंकची काडी असेल तर ती वर्षातून दोनदा काढून बघा. अर्ध्याहून कमी उरली की बदला. गोड्या पाण्यात झिंकवर थर बसून ते निष्क्रिय होतं, त्यामुळे काडी न झिजता जशीच्या तशी राहिली तर ती काम करतेय असं नव्हे. तार ब्रशनं घासून चकचकीत करा. पत्र्याच्या किंवा अॅल्युमिनिअमच्या होडीच्या तळाला गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे तुकडे बसवतात.

आउटबोर्डवाल्यांसाठी

तुमचा काटा म्हणजे मागून उडणारी बारीक धार. धार दिसली तर पंप चालतोय. धार थांबली तर आधी इंजिन बंद करा, मग त्या भोकात तंगुसाचा तुकडा घालून बघा. बऱ्याचदा तिथे मातीचा खडा किंवा कुंभारमाशीचं घर असतं. भोक मोकळं असूनही धार नसेल तर खालच्या पायातली जाळी बघा, मग इम्पेलर. उथळ पाण्यात पाय चिखलात घालून रेस करू नका. पंखाही काढून बघत जा. जाळ्याचा तंगूस पंख्यामागे शाफ्टला गुंडाळतो, सील कापतो आणि गियरच्या तेलात पाणी जातं.

आठवड्याला एकदा तरी स्वच्छ पाण्यानं आतून धुवा. कानाला लावल्यासारखे दोन रबरी कप जाळीवर बसवून पाइपनं पाणी सोडा, न्यूट्रलमध्ये, संथ. पाइपचं पाणी सुरू करण्याआधी इंजिन सुरू करायचं नाही.

मध्यावर काटा चढला तर

२०२४ च्या मे महिन्यात कुगाव-कळाशी वाटेवर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. तिथे घात वाऱ्यानं केला होता. पण वारा सुटला असताना इंजिन बंद पडलेली लाँच आडवी होते आणि लाटा बाजूनं घेते. म्हणून मध्यावर इंजिन तापलं तर आधी माणसं बघायची. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, सगळे खाली बसलेले.

मग रेस कमी करून मागे बघा. पाणी येत असेल तर लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं संथ चालू द्या, म्हणजे आतली उष्णता हळूहळू निघते. पाणी अजिबात येत नसेल तर मात्र तत्काळ बंद, कारण एक्झॉस्टचा रबरी पाइप काही मिनिटांत जळतो. खोली जमत असेल तर नांगर टाका. तळाच्या तोंडाला प्लास्टिक चिकटलं असेल तर इंजिन बंद होताच ओढ सुटते आणि ते निघून जातं. गाळणी उघडून कॉक क्षणभर उघडा. पाणी उसळून आलं तर बाहेरची वाट मोकळी आहे. नाही आलं तर वरून काठी घालून मोकळी करा. मग बेल्ट, मग इम्पेलर. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकतं.

काट्याबद्दल एक धोक्याची गोष्ट. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट सगळा गळून गेला असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो. वाफ दिसतेय आणि काटा उतरतोय, असं झालं तर काट्यावर विश्वास ठेवू नका, इंजिन बंद करा.

उन्हाळा आणि उभी लाँच

उजनीत जवळपास ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरला जाणारा तळाचा साठा. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेलं की वाट उथळ होते, धक्का पुढे सरकतो आणि तळाचा कॉक गाळाच्या जवळ येतो. या दिवसांत गाळणी दिवसातून दोनदा, आणि किनाऱ्याशी येताना रेस कमी. पंख्यानं उडवलेला गाळ तुमचाच पंप पिऊन टाकतो.

लाँच महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर धरणाकडच्या बाजूचं पाणी सोडून द्या आणि इम्पेलर काढून ठेवा. तो पंपात दाबलेला राहिला की पाती तशीच वाकडी होतात. कूलंट मात्र भरलेलाच ठेवा, रिकाम्या इंजिनात गंज लवकर धरतो. काढलेला जुना कूलंट धरणात किंवा काठावर ओतू नका. सोलापूर शहर हेच पाणी पितं, आणि तो गोडसर लागत असल्यामुळे कुत्री, शेरडं चाटतात आणि दगावतात. कॅनमध्ये भरून, झाकण लावून, वर नाव लिहून गॅरेजला द्या.

डब्यात ठेवायचं ते असं: इम्पेलर आणि त्याचं गॅसकेट, बेल्ट, दोन मापांच्या होज क्लिपा, हातभर तारेचा पाइप, गाळणीचं रबर, तयार मिश्रणाचा पाच लिटरचा कॅन, टॉर्च, पाने, आणि बादली. इम्पेलर काढून ठेवला असेल तर “पंप रिकामा आहे” अशी चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून चावीलाच बांधा, म्हणजे तुमच्या माघारी आलेला माणूस स्टार्टर मारणार नाही.